पाण्याची वर्गणी काढताय? आधी हा हिशेब मांडा

गावात शुद्ध पाणी आणायचे तर वर्गणी निघते. गाडे अडते ते पुढे: पैसे कुणाच्या खात्यात, पाणी पिण्याजोगे आहे का, आणि दर महिन्याचे लाइटबिल कोण भरणार. भिवंडी तालुक्यातल्या शेलारमध्ये किंवा शेजारच्या कुठल्याही गावात वर्गणीची वही हातात घेण्याआधी पुढची कामे या क्रमाने करा.

सरकारी पैसा आधी विचारा

ग्रामपंचायत कार्यालयात तीन गोष्टी विचारा. जलजीवन मिशनमध्ये गावाचा आराखडा मंजूर आहे का? १५व्या वित्त आयोगाच्या (२०२१–२६) निधीतून पाण्यावर किती खर्च झाला? जुन्या योजनेचा लोकवाटा खात्यात शिल्लक आहे का? त्या आयोगाच्या ग्रामपंचायत निधीपैकी ६० टक्के रक्कम बंधित होती आणि त्यातली निम्मी पिण्याच्या पाण्याशी निगडित कामांसाठी. जे काम या पैशातून झाले किंवा होणार आहे, त्यासाठी पुन्हा वर्गणी देऊ नका. आराखड्याबाबत ग्रामपंचायतीत उत्तर मिळाले नाही, तर भिवंडी पंचायत समितीत ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या उपअभियंत्याला भेटा.

पाणी येते कुठून, हेही विचारा. तालुक्यातल्या अनेक ग्रामपंचायती स्टेम या पाणीपुरवठा कंपनीचे पाणी विकत घेतात. तिथे नवी पाइपलाइन टाकली म्हणून पाणी वाढत नाही. कोटा वाढवून घ्यावा लागतो आणि थकबाकी असेल तर ती आधी समोर येते.

घरटी किती?

जलजीवन मिशनच्या नियमांत गावातल्या कामाच्या खर्चाचा १० टक्के लोकवाटा धरला आहे. डोंगराळ किंवा वनक्षेत्रातल्या, तसेच अनुसूचित जाती-जमातींची वस्ती निम्म्याहून जास्त असलेल्या गावांना तो ५ टक्के. रोख, साहित्य किंवा श्रमदान, काहीही चालते. उदाहरण घ्या: काम १० लाखांचे, घरे २००. लोकवाटा एक लाख, म्हणजे घरटी ५०० रुपये. ५ टक्क्यांनी २५०. कुणी याच्या दुप्पट मागत असेल तर अंदाजपत्रक दाखवायला सांगा. चर खणायला चार दिवस आलात तर ती मजुरी तुमच्या नावावर लिहून घ्या.

भाडेकरू असाल तर एक जपा. नळजोडणी घरमालकाच्या नावावर होते. वर्गणी तुम्ही भरलीत तर पावती तुमच्या नावाची घ्या आणि ती रक्कम भाड्यातून वळती करायची की नाही, हे आधी ठरवा.

ठराव, खाते, पावती

ग्रामसभेचा ठराव हवा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखांच्या आसपास सभा होतातच. विषय आधी लेखी द्या. ठरावात काम, एकूण रक्कम, घरटी रक्कम आणि शिल्लक उरली तर तिचे काय, हे चारही मुद्दे हवेत. पैसे ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बँक खात्यात भरा. या समितीत निम्म्या महिला असणे अपेक्षित आहे. सह्यांपुरत्या आहेत की बैठकीला येतात, ते बघा. कुणाच्या खासगी मोबाइल नंबरवर पैसे पाठवू नका. ग्रामपंचायतीत रक्कम भरली तर नमुना ७ ची सामान्य पावती मिळते, पाणीपट्टीची पावती नमुना १० वर. साध्या वहीत नाव टिपले म्हणजे पावती झाली नाही.

मंडळ किंवा तरुणांचा गट स्वतः वर्गणी काढणार असेल आणि त्याची विश्वस्त संस्था म्हणून नोंदणी नसेल, तर गणेश मंडळांप्रमाणेच धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क ची परवानगी काढा.

पाणी आधी तपासा, बोअर मग घ्या

डाइंग-सायझिंगच्या कारखान्यांच्या पट्ट्यात पाणी दिसायला स्वच्छ असले तरी भरवसा धरू नका. गावचा जलसुरक्षक नमुने घेतो. त्याच्याबरोबर उभे राहा. नळ दोन-तीन मिनिटे वाहू द्या. जंतुतपासणीची निर्जंतुक बाटली विसळू नका, तोंडाला बोट लावू नका, भरून लगेच बर्फात ठेवा आणि २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवा. रासायनिक तपासणीचा नमुना वेगळ्या कॅनमध्ये. अहवालात आधी बघायचे ते हे: ई-कोलाय शून्य, नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत, विद्राव्य क्षार शक्यतो ५०० च्या आत, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. दूषितपणा फक्त जंतूंचा असेल तर बहुतेक वेळा टीसीएल (ब्लीचिंग) पावडरमध्ये काम भागते. तिथे लाखोंचा आरओ घेऊ नका.

कोटेशनमध्ये न दिसणारे खर्च

बोअरचा दर फुटावर असतो आणि खोलीबरोबर वाढत जातो. केसिंग, फ्लशिंग, मोटर, केबल, वीजजोडणी वेगळी. बोअर कोरडी गेली तरी पैसे द्यावे लागतात, म्हणून जागा भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडून तपासून घ्या. आरओमध्ये मेम्ब्रेन आणि फिल्टर पुन्हा पुन्हा बदलावे लागतात. शिवाय बरेचसे पाणी नुसते वाहून जाते. टंचाईच्या गावाला ते परवडत नाही. तीन कोटेशने घ्या आणि तिघांनाही पाच वर्षांच्या देखभालीचा आकडा लिहून मागा.

बाहेरची देणगी

ऑनलाइन निधी उभारलात तर संकेतस्थळाची फी आणि त्यावर १८ टक्के जीएसटी कापला जातो का, ते आधी वाचा. देणगीवर आयकर सवलत सांगणाऱ्या संस्थेला २,००० रुपयांहून जास्त रक्कम रोख दिली, तर ती सवलत मिळत नाही. परदेशातला गाववाला भारतीय पासपोर्टवर असेल तर बँकेतून सरळ देऊ शकतो. त्याने परदेशी नागरिकत्व घेतले असेल तर ती विदेशी देणगी ठरते आणि एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला ती घेता येत नाही.

दर महिन्याचे काय?

लाइटबिल, पाणी सोडणाऱ्याचा पगार, टीसीएल आणि गळतीची दुरुस्ती मिळून महिन्याला १२,००० रुपये धरा. २०० घरांनी वाटले तर ६० रुपये. ५० घरांनी बुडवले तर उरलेल्यांवर ८०. आता ताळा करा: रोज २० रुपयांचा जार घेणारे घर वर्षाला ७,३०० रुपये घालवते. ५०० रुपये वर्गणी आणि महिना ६० रुपये पाणीपट्टी भरणाऱ्या घराला पहिले वर्ष १,२२० रुपयांत पडते. हंडे घेऊन टँकरची वाट बघत बसलेल्या बाईचा बुडालेला रोज आणि पोराच्या जुलाबांवरचे डॉक्टरचे बिल यात धरलेले नाही. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या गावचे घाला.

पाणी सुरू झाले की टाकीची नव्हे, शेवटच्या घराची तपासणी करा. तिथल्या नळाला क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवे. जलसुरक्षक ओटी टेस्ट दोन मिनिटांत करून दाखवतो.

हिशेब मिळत नसेल तर

माहिती अधिकाराचा अर्ज ग्रामपंचायतीत द्या. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. प्रतीला पानामागे दोन रुपये. मुदत ३० दिवस. बँक खात्याचा उतारा, मोजमाप पुस्तिका आणि देयके, एवढेच मागा. हा अर्ज करावा लागू नये असे वाटत असेल, तर जमा-खर्चाचा कागद दर महिन्याला फलकावर लावण्याची अट पहिल्याच ठरावात घालून घ्या. ती घालायला कुणी नकार दिला, तर वर्गणी देऊ नका.