निसर्ग, प्रकृती आणि तिरुभुवनम्

नकाशावाचनाच्या तासाला आपण अडथळ्यांचे दोन भाग करतो: नैसर्गिक आणि कृत्रिम. नदी नैसर्गिक, तारेचे कुंपण कृत्रिम. तामिळनाडूत कुंभकोणमजवळ तिरुभुवनम् हे रेशमी साड्यांचे गाव आहे. सुट्टीत मामांकडे तिथे गेलो, तेव्हा ही विभागणी वाटते तितकी सोपी नाही हे दिसले. कावेरीचे पाणी त्या भागात फाटे आणि कालव्यांच्या जाळ्यातून भातशेतीत पोचते. वरच्या अंगाला असलेला कल्लणै बंधारा सुमारे 2000 वर्षांपूर्वी करिकाल चोलाने बांधला असे मानतात. इतक्या जुन्या कालव्याचा काठ नदीसारखाच दिसतो. तरी मी तो कृत्रिमच धरीन, कारण त्याचे पाणी कुणीतरी दार खाली करून अडवू शकतो.

तमिळमध्ये निसर्गाला 'इयर्कै' आणि कृत्रिमाला 'सेयर्कै' म्हणतात. 'इयल्' म्हणजे आपोआप असणे, 'सेय्' म्हणजे करणे. साडीचा रंगसुद्धा या दोन्हींपैकी एक असतो. दोन शब्द, दोन वेगळी मुळे. आपल्याकडे गंमत अशी की 'प्रकृती' आणि तिच्या उलट 'कृत्रिम', दोन्ही 'कृ' म्हणजे करणे याच धातूचे. विकृती आणि संस्कृतीही त्याच घरातल्या. हिंदीत प्रकृति म्हणजे झाडे, नद्या, डोंगर. मराठीने तो शब्द माणसाच्या शरीराला दिला. घरच्या पत्रात 'प्रकृतीला जप' असते ते जंगलासाठी नव्हे!

बाहेरच्या सृष्टीसाठी आपण 'निसर्ग' ठेवला. त्यात 'सृज्' हा धातू आहे: सोडणे, निर्माण करणे. सृष्टी आणि विसर्जन हे शब्दही त्याचेच.

इंग्रजी 'नेचर' लॅटिनमधून आला; मुळात अर्थ जन्म. आपण 'त्याचा नेचर चांगला आहे' म्हणतो तेव्हा स्वभाव सांगत असतो, आणि स्वभाव बराचसा जन्मजातच.

'स्वभाव'मधला भाव 'भू' म्हणजे होणे, असणे या धातूचा. ग्रीक लोक निसर्गाला 'फ्यूसिस' म्हणत. भाषाशास्त्रानुसार फ्यूसिस आणि भू यांचे मूळ एकच. फ्यूसिसवरून फिजिक्स, आणि भूपासून झालेल्या 'भूत'वरून भौतिकशास्त्र. म्हणजे आपल्या वेळापत्रकातल्या त्या विषयाची दोन्ही नावे नात्यातली निघाली.

तिरुभुवनम्चे कंपहरेश्वर मंदिर तिसऱ्या कुलोत्तुंग चोलाने (1178–1218) बांधले. त्याचे बिरुद 'त्रिभुवनवीर'. गावाचे नाव त्यावरूनच. त्यातले 'भुवन', म्हणजे जे जे अस्तित्वात आहे ते, हेही भू धातूचेच.