निद्रिस्त संगणक जागा होत नाही तेव्हा

स्मरणिकेसाठी माझ्याकडून दरवर्षी धान्याची आवक अथवा वखारीतील कीड यांवर लेख मागविला जातो. यंदा संपादकांच्या अनुमतीने मी विषय बदलीत आहे. आज आपल्यापैकी बहुतेकांच्या पेढीवरील रोजमेळ व खतावणी लाल बासनातून निघून संगणकात गेलेली आहेत. वही उघडली आणि अक्षरे दिसली नाहीत, असे माझ्या वडिलांच्या काळी कधी घडले नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र हे वारंवार घडते. सायंकाळचे भोजन सूर्यास्तापूर्वी आटोपावयाचे म्हणून आपण यंत्र बंद न करता तसेच निजवून घरी जातो, आणि परत येऊन कळफलकास हात लावतो तो पडदा काळाच. अशा वेळी काय करावे, आणि विशेषतः काय करू नये, एवढाच या लेखाचा विषय आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपुढे झालेले नाही. तेव्हा पुढील मजकूर यंत्रशास्त्रज्ञाचा नसून, एकदा ठेच लागल्यावर जाणत्या मंडळींस विचारून माहिती जमविणाऱ्या एका धान्याच्या व्यापाऱ्याचा आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

ती ठेच आधी सांगतो. 2019 सालच्या फेब्रुवारीत हरभऱ्याची आवक भरात होती. सौंदत्ती व बैलहोंगल भागांतून आमच्या बेळगावच्या दुकानी माल आला होता आणि एकतीस शेतकऱ्यांच्या पट्ट्या करावयाच्या होत्या. माझ्या पुतण्याने काट्यावरील चिठ्ठ्यांवरून वजन, भाव, हमाली, तोलाई असा सगळा तक्ता संगणकात भरला, आणि तो जतन न करताच जेवावयास गेला. परत येऊन पाहतो तो पडदा काळा. कळा दाबल्या, माऊस हलविला, काही नाही. क्षणभर पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटे आणि नाहीशी होई. ती वाचण्याइतका धीर कोणास नव्हता. बाहेर शेतकरी मंडळी ताटकळत होती. “काका, हा झोपेतच अडकला,” असे म्हणून त्याने पेटीवरील बटण दाबून धरले, ते दिवा मालवेपर्यंत सोडले नाही. तसे करावयास मीच त्यास सांगितले होते, हेही येथे नमूद केले पाहिजे.

पुन्हा चालू केले तरी पडदा काळाच! शेवटी शेजारच्या पेढीवरील एक मुलगा आला. त्याने कळफलकावरील ‘कॅप्स लॉक’ ही कळ दाबली. तिचा बारीक दिवा लागला. पुन्हा दाबली, विझला. तो म्हणाला, “यंत्र जागे आहे, काका. पडद्याचेच काहीतरी झाले आहे.” जेवणाच्या वेळात गड्याने धूळ पुसताना पडद्याच्या कडेचे बटण दाबले गेले होते, आणि ज्या खाचेत तार जोडलेलीच नव्हती त्या खाचेकडून येणाऱ्या चित्राची पडदा वाट पाहत होता. बटण दोनदा दाबताच सर्व काही दिसू लागले. दिसला नाही तो आमचा तक्ता. यंत्र झोपेत अडकलेच नव्हते. त्याची वीज आम्हीच तोडली होती.

असल्या तक्त्याची प्रणाली साधारणतः दर दहा मिनिटांनी आपोआप एक प्रत राखून ठेवते. परंतु आमच्या यंत्रावर ती सोय कोणीतरी बंद करून ठेवली होती, हे त्या दिवशी कळले. रात्री दिवाणजींनी चिठ्ठ्या गोळा करून हाताने पट्ट्या लिहिल्या. दोन चिठ्ठ्या मिळाल्या नाहीत. त्यांपैकी एक शेतकरी म्हणाला, “सावकार, माझी चौदा पोती.” आमच्या गड्याच्या आठवणीत बारा होती. मी चौदाचे पैसे दिले. पुढे आषाढात वखार झाडताना ती चिठ्ठी फळीखाली सापडली. तीवर चौदाच होती. बाराचे दिले असते तर त्या गृहस्थाचे क्विंटलभर हरभऱ्याचे मोल आमच्या घाईने बुडाले असते.

असो. आता निद्रा म्हणजे काय, ते पाहू. इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा या कंपन्यांनी 1996 च्या डिसेंबरात ‘एसीपीआय’ नावाची नियमावली प्रसिद्ध केली. संगणकाने किती जागे राहावे व किती झोपावे, याच्या पायऱ्या तीत ठरविलेल्या आहेत. तिसऱ्या पायरीस, म्हणजे ‘एस-तीन’ अवस्थेस, आपण सामान्यतः ‘स्लीप’ म्हणतो. तीत यंत्राचा मेंदू व डिस्क यांची वीज तोडली जाते. केवळ स्मृतीस, म्हणजे ‘रॅम’ला, बारीक प्रवाह मिळत राहतो. चौथ्या पायरीत, म्हणजे ‘हायबरनेट’मध्ये, स्मृतीतील सर्व मजकूर डिस्कवर लिहून मग यंत्र निजते. आपल्या भाषेत सांगावयाचे तर ‘स्लीप’ म्हणजे वह्या गादीवर उघड्या ठेवून दिवा मालविणे. ‘हायबरनेट’ म्हणजे त्यांची नक्कल तिजोरीत ठेवून कुलूप लावणे. पहिल्या प्रकारात वीज गेली की उघड्या वहीवरील न जतन केलेले सर्व पुसले जाते. विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे 2007 पासून, मेजावरील यंत्रांसाठी या दोहोंचा मिलाफ असलेली ‘हायब्रिड स्लीप’ आली. ती चालू असेल तर निजताना नक्कलही ठेवली जाते. काही नव्या यंत्रांत ‘मॉडर्न स्टँडबाय’ नावाचा निराळाच प्रकार असतो. आपल्या यंत्रात कोणते प्रकार उपलब्ध आहेत हे पाहावयाचे असल्यास ‘कमांड प्रॉम्प्ट’ची खिडकी उघडून ‘पॉवरसीएफजी’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहावा, एक जागा सोडून तिरकी रेघ व लगेच ‘ए’ हे अक्षर लिहावे, आणि ‘एंटर’ दाबावे. यादी समोर येते.

पेटीच्या आतील वीजपेटीतून, भिंतीवरील बटण चालू असेपर्यंत, पाच व्होल्टची एक वाहिनी अखंड जिवंत असते. निजलेल्या यंत्राचा सगळा जीव तिच्यावर असतो. बोट लागताच उठण्याची खूण कळफलकाने द्यावयाची, तीही याच विजेच्या बळावर. म्हणून भिंतीवरील बटण रात्री बंद करून सकाळी ‘हा उठत नाही’ अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. आमच्या गल्लीत असे एकाहून अधिक वेळा झालेले आहे.

पडदा काळा दिसला की प्रथम दोन्ही हात मांडीवर ठेवावेत. मग पेटीवरील दिवा पाहावा. बहुतेक यंत्रांत तो निद्रेत लुकलुकतो किंवा रंग पालटतो, व जाग आल्यावर स्थिर होतो. आपल्या यंत्राचा कसा वागतो हे यंत्र निरोगी असतानाच पाहून ठेवावे. नंतर कळफलकाची एखादी कळ दाबून अर्धा मिनिट थांबावे. उठले नाही तर पेटीवरील बटण क्षणभर दाबून लगेच सोडावे. बटण चार सेकंदांहून अधिक दाबून धरले की यंत्राची वीज तुटते. टिचकीसारखे दाबले तर ते केवळ उठते. या दोहोंतील भेद न जाणल्यामुळेच आमचा घात झाला.

आता ‘कॅप्स लॉक’ची परीक्षा. दाबण्यागणिक दिवा लागत-विझत असेल, तर यंत्र जागे आहे व दोष पडद्याचा, त्याच्या तारेचा, नाही तर चित्र काढणाऱ्या भागाचा आहे. (बिनतारी कळफलकास बहुधा हा दिवा नसतो; पेढीवर तारेचा एक जुना कळफलक अवश्य जपून ठेवावा.) पडद्याची तार दोन्ही टोकांस नीट बसवावी, कडेच्या बटणाने योग्य खाच निवडावी. एवढ्याने न भागल्यास ‘विंडोज’, ‘कंट्रोल’, ‘शिफ्ट’ व ‘बी’ या चार कळा एकदम दाबाव्यात. त्यायोगे चित्राचा चालक, म्हणजे ‘ग्राफिक्स ड्रायव्हर’, नव्याने सुरू होतो आणि उघडलेल्या कामास धक्का लागत नाही. तरीही अंधारच असेल, तर आंधळेपणाने का होईना, काम वाचविण्याचा एक यत्न करता येतो. यंत्र उठल्यावर परवलीचा शब्द मागत असेल तर ‘एंटर’ दाबून, किंचित थांबून, तो टंकावा, पुन्हा ‘एंटर’ दाबावे, आणि मग ‘कंट्रोल’ व ‘एस’ एकत्र दाबावे. आपला तक्ता सर्वांत पुढे असेल व त्यास पूर्वी नाव दिलेले असेल, तर तो जतन होतो. हे मला 2019 साली ठाऊक असते, तर दिवाणजींची एक रात्र वाचली असती.

दिवा मुळीच हलत नसेल, पंखे मात्र फिरत असतील, तर यंत्र खरोखर अर्धवट उठून अडकलेले आहे. आणखी दोन-चार मिनिटे वाट पाहून मग बटण दाबून धरण्यास प्रत्यवाय नाही. तेथे दुसरा इलाज उरत नाही. पंखेही स्तब्ध असतील तर भिंतीवरील बटण बंद करावे, तार काढावी, पेटीचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून उरलेली वीज जिरवावी, आणि पुन्हा जोडावे.

प्रकार वारंवार होऊ लागल्यास कारण शोधलेच पाहिजे. अलीकडे काय बदलले, हा पहिला प्रश्न. चित्राचा चालक आपोआप नवा झाला असेल तर ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये त्यास मागील आवृत्तीवर नेता येते, जुना असेल तर नवा घालावा. नवा प्रिंटर, बारकोड वाचणारे यंत्र वा अन्य यूएसबी जोडणी केली असेल तर ती काढून एक-दोन दिवस पाहावे. पेटीच्या बटणाने यंत्र उठते, कळफलकाने उठत नाही, असे असेल तर दोष क्षुल्लक असतो: ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये कळफलकाच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ या पानावर यंत्रास उठविण्याची परवानगी देणारी चौकट असते, तीत खूण करावी. काही यंत्रांच्या बायॉसमध्ये ‘ईआरपी’ नावाची वीज वाचविणारी सोय असते. ती चालू असल्यास कळफलकाची वीज तुटते, आणि मग चौकटीतील खुणेचा उपयोग होत नाही. घड्याळ मागे पडत असेल तर मुख्य फळीवरील तीन व्होल्टची बटणासारखी बॅटरी संपत आली आहे असे समजावे. ती संपली की बायॉसची मांडणी विस्कटू शकते. बॅटरी स्वस्त असते, बदलून टाकावी.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. विंडोज 8 पासून, म्हणजे 2012 पासून, यंत्र ‘शट डाऊन’ केले तरी, ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असल्यास, ते पूर्णपणे नव्याने सुरू होत नाही. प्रणालीचा गाभा डिस्कवर राखून पुढच्या वेळी तोच उचलला जातो. म्हणून अडलेला चालक ‘शट डाऊन’ने सुधारत नाही, पण ‘रीस्टार्ट’ने सुधारतो. दुरुस्तीचा कोणताही उपाय केल्यावर ‘रीस्टार्ट’च करावे.

इतके करूनही यंत्र उठत नसेल तर वीजपेटी थकली आहे किंवा रॅमची पट्टी ढिली वा सदोष आहे, हा संशय उरतो; ते काम कारागिराचे. आमच्या दुसऱ्या यंत्रात 2022 च्या पावसाळ्यात वीजपेटीच बदलावी लागली. कारागिरास बोलावताना ‘संगणक बिघडला’ एवढेच न सांगता पेटीचा दिवा कसा होता, ‘कॅप्स लॉक’ लागत होता की नाही, पंखे फिरत होते की नाही, आणि त्या आठवड्यात काय नवे जोडले वा घातले, या चार गोष्टी कागदावर लिहून द्याव्यात. आमच्याकडे तो कागद पडद्याच्या मागे चिकटविलेला आहे, आणि त्याखाली पुतण्याने स्वहस्ते लिहिले आहे: ‘जेवावयास उठण्यापूर्वी कंट्रोल-एस.’