चला, रत्नागिरी पाहू या

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी किती जणांनी समुद्र पाहिला आहे? मुंबईच्या किंवा कोकणातल्या मुलांना या प्रश्नाचे हसू येईल. पण मालेगाव, परभणी, अकोला येथील पुष्कळ मुलांनी समुद्र फक्त नकाशातल्या निळ्या रंगात पाहिलेला असतो. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेची सहल रत्नागिरीला गेली होती. समुद्र दिसताच नववीतला एक मुलगा धावत गेला. त्याने ओंजळीत पाणी घेतले, चाखले आणि ओरडला, "सर, खरंच खारट आहे!" समुद्राचे पाणी खारट असते, हे तो कितीतरी वर्षे पुस्तकात वाचत होता. पण त्याचा विश्वास बसला तो त्या दिवशी. तोच प्रवास आज मी तुम्हांला घडवणार आहे.

रत्नागिरी हे अरबी समुद्राच्या काठावरचे शहर असून ते जिल्ह्याचे मुख्य ठिकाण आहे. पूर्वी मुंबईहून येथे आगबोटीने येत. आता महामार्ग आहे, एस.टी. आहे आणि मुंबईहून थेट कोकण रेल्वेही आहे. शक्य असेल तर रेल्वेनेच जा. रत्नागिरी जवळ आली की गाडी करबुडे बोगद्यात शिरते. हा बोगदा सुमारे साडेसहा किलोमीटर लांबीचा आहे. डब्यात दिवे लागतात, बाहेर काळोख असतो आणि लहान मुले ओरडू लागतात. (मोठी मुलेही ओरडतात, हे मी पाहिले आहे!) स्टेशन शहरापासून लांब आहे. तेथून बस किंवा रिक्षा करावी लागते. रिक्षावाल्याशी मराठीत बोला. चुकले तरी लाजू नका. तो हसणार नाही.

जायचे ते हिवाळ्यात. पावसाळ्यात येथे तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि समुद्र खवळलेला असतो. अशा दिवसांत पाण्यात उतरणे म्हणजे जिवाशी खेळ.

सकाळी लवकर उठून प्रथम मिरकरवाडा बंदरावर जा. वास येईल, पण नाक दाबू नका. ओळीने लागलेल्या होड्या, त्यांवरची रंगीत निशाणे, जाळी दुरुस्त करणारे खलाशी आणि टोपल्यांत चमकणारे बांगडे, सुरमई, पापलेट, कोळंबी पाहा. येथे मच्छिमार मुसलमानांची मोठी वस्ती आहे. त्यांच्या घरात कोकणी बोली, शाळेत उर्दू आणि बाजारात मराठी चालते. मासळीचा लिलाव होतो, तेव्हा जरा कान देऊन ऐका. मराठीत 'लिलाव' म्हणतात, उर्दूत 'नीलाम' म्हणतात. हे दोन्ही शब्द एकाच पोर्तुगीज शब्दापासून आले आहेत. बंदर, जहाज, खलाशी, किल्ला, बुरूज, इमारत, दरवाजा हे शब्द तर तुमच्या ओळखीचेच आहेत. मराठी अवघड वाटते अशी तक्रार करणाऱ्या मुलांना मी नेहमी सांगतो, "आधी बंदरावर जा, मग तक्रार करा." जून आणि जुलै या दोन महिन्यांत मात्र यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. हा काळ मासळीच्या विणीचा असतो. त्या वेळी मासे पकडले, तर पुढच्या वर्षी जाळ्यात काय येणार?

बंदराजवळच रत्नदुर्ग किल्ला आहे. त्याचा आकार घोड्याच्या नालासारखा असून तीन बाजूंना समुद्र आहे. बहामनी काळात तो बांधला गेला, असे सांगतात. १६७० साली तो शिवाजी महाराजांनी घेतला आणि पुढे आंग्र्यांच्या आरमाराने वापरला. किल्ल्यात भगवती देवीचे मंदिर आहे आणि टोकावर दीपगृह आहे. तटावरून खाली पाहिले की बंदरातल्या होड्या काडेपेटीएवढ्या दिसतात. तटाच्या कडेला मात्र जाऊ नका, वारा जोराचा असतो.

शहरात लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान आहे. २३ जुलै १८५६ रोजी त्यांचा जन्म येथे झाला. कौलारू छपराचे ते घर शासनाने जतन केले आहे. मांडवीच्या किनाऱ्यावरची वाळू काळी आहे, तर किल्ल्याच्या दुसऱ्या बाजूची वाळू पांढरी आहे. म्हणून लोक 'काळा समुद्र' आणि 'पांढरा समुद्र' अशी नावे घेतात. पाणी दोन्हीकडे सारखेच! सागरी जीवांच्या संशोधन केंद्रात मत्स्यालय आणि देवमाशाचा प्रचंड सांगाडा आहे. देवमाशाला मासा म्हणतात खरे, पण तो मासा नव्हे. तो आपल्यासारखा हवेत श्वास घेतो आणि पिलांना दूध पाजतो.

आता मी तुम्हांला थिबा राजवाड्यात नेतो. येथे घाई करू नका.

टेकडीवर लाल रंगाची, उतरत्या छपरांची ही भव्य इमारत उभी आहे. अर्धगोल खिडक्यांना रंगीत काचा आहेत. आत नृत्यासाठी संगमरवरी फरशीचे दालन आहे. इतका सुंदर वाडा. पण तो ज्याच्यासाठी बांधला, तो राजा कैदी होता. थिबा हा ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा. १८८५ साली इंग्रजांनी मंडाले ही त्याची राजधानी घेतली. तेव्हा तो अवघा सव्वीस वर्षांचा होता. इंग्रजांनी त्याला राणीसह आणि लहान मुलींसह प्रथम मद्रासला आणि १८८६ साली रत्नागिरीला आणले. त्याच्या देशापासून दूर आणि जाण्यायेण्यास अवघड, असे गाव त्यांना हवे होते. चोवीस वर्षे राजा बंगल्यांत राहिला. १९१० साली हा वाडा तयार झाला. डिसेंबर १९१६ मध्ये राजा मरण पावला. म्हणजे या राजवाड्यात तो जेमतेम सहा वर्षे राहिला.

जवळच 'थिबा पॉइंट' आहे. तेथून भाट्ये खाडी आणि समुद्र दिसतो. खाडी म्हणजे जेथे समुद्राचे पाणी नदीच्या मुखात आत शिरते, ती जागा. आमची मुले तेथे उभी राहून गप्प झाली होती. एवढा मोकळा समुद्र समोर आहे, जहाजे जात आहेत आणि राजाला मात्र कोठेही जाता येत नाही!

राजाचे शव मायदेशी न्यावे, अशी राणीची इच्छा होती. इंग्रजांनी परवानगी दिली नाही. अखेर १९१९ साली रत्नागिरीतच त्याचे दफन झाले. राणी त्याच वर्षी ब्रह्मदेशास परतली, राजा येथेच राहिला. त्याची एक नात रत्नागिरीतच मराठी बोलत जगली आणि २००० साली वारली. राजवाड्यापासून काही अंतरावर, घरांच्या वस्तीत, त्याची समाधी आहे. पाटी नीट पाहिली नाही तर ती चुकते.

आम्ही समाधीपाशी उभे असताना पाणी चाखणारा तोच मुलगा मला म्हणाला, "सर, याला आपल्या मुलखात पुरायला नको होते का?" मी म्हणालो, "बेटा, तू उर्दू शाळेत शिकतोस. असा दुसरा बादशहा तुला आठवत नाही?" तो क्षणभर थांबला. मग चार मुले एकदम म्हणाली, "बहादूरशाह जफर!"

मुले बरोबर होती. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी दिल्लीच्या या वृद्ध बादशहाला आणि उर्दूच्या शायराला १८५८ साली रंगूनला पाठवले. ७ नोव्हेंबर १८६२ रोजी तो तेथेच वारला. इंग्रजांनी कबरीची खूण ठेवली नाही. खरी कबर सापडली ती १९९१ साली. दिल्लीचा बादशहा ब्रह्मदेशात आणि ब्रह्मदेशाचा राजा कोकणात! २०१२ सालच्या मे महिन्यात भारताचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग रंगूनला जफरच्या मजारीवर गेले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला थिबाच्या समाधीवर आले. दोन्ही देशांनी एकमेकांचा पाहुणा अजून सांभाळला आहे, असे मला तेव्हा वाटले.

संध्याकाळ भाट्ये किनाऱ्यासाठी ठेवा. किनारा लांब व सरळ आहे आणि मागे सुरूची झाडे आहेत. एप्रिल-मे महिन्यांत गेलात, तर हापूस आंबा घ्यायला विसरू नका. पण पेटीवर 'रत्नागिरी' लिहिले आहे म्हणून घेऊ नका, वास घेऊन घ्या. आमच्या मुलांनी परतीच्या प्रवासात आंबापोळी घेतली. ती घरापर्यंत पोचली नाही. करबुडे बोगद्यातच संपली.

स्वाध्याय

१. मिरकरवाडा बंदरावर लेखकाने मुलांना काय ऐकायला सांगितले?
२. इंग्रजांनी थिबा राजाला रत्नागिरीलाच का आणले?
३. पाठात आलेले आणि उर्दूतही वापरले जाणारे सहा शब्द शोधून लिहा.
४. तुमच्या गावात पाहुणे आले, तर त्यांना तुम्ही प्रथम कोठे न्याल? आठ-दहा ओळी लिहा.