बारावीचा अभ्यास आणि आपले घर



आपल्या घरात बारावीला बसलेले लेकरू असेल. रात्र-रात्र तेच पान वाचले म्हणजे अभ्यास झाला, असा आपला समज असतो. तो खरा नव्हे. जर्मन संशोधक हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ साली दाखवून दिले की, पाठ केलेले पहिल्या काही तासांतच झपाट्याने विसरले जाते. यावर उपाय साधा आहे. धडा वाचावा, पुस्तक मिटावे आणि आठवेल तेवढे कागदावर लिहावे. राहिले ते पुन्हा पाहावे. दुसऱ्या दिवशी आणि मग आठवड्याने हेच करावे.

आई-वडील म्हणतील, "आम्ही शिकलेलो नाही, आम्ही काय मदत करणार?" लेकराला समोर बसवा आणि धडा समजावून सांगायला लावा. तुम्हाला उमगला, तर त्याला तो आला. जिथे ते अडखळेल, तिथे खूण करायला सांगा.

आता भीतीविषयी. जागरणाने भीती वाढते व स्मरण घटते. म्हणून झोप मोडू नये. परीक्षेत छाती धडधडू लागली, तर पेन खाली ठेवून दहा श्वास सावकाश घ्यावेत. मग ज्याचे उत्तर येते, तो प्रश्न आधी सोडवावा.

शेजारच्या मुलाशी तुलना करू नका. बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. १९१३ साली तेच कोलंबिया विद्यापीठात शिकावयास गेले. नापास झाल्यास पुरवणी परीक्षा आहे. लेकराला पुरवणी नाही, हे ध्यानी असू द्या.