बगी-गाडीच्या गिअरबॉक्समधील आवाज

गेल्या दिवाळीच्या सुटीनंतर इयत्ता नववींतील एक विद्यार्थी आपली रेडिओनें चालणारी बगी-गाडी शाळेच्या प्रयोगशाळेंत घेऊन आला. बरोबर त्याचे वडीलही होते. गाडी सुरू केली कीं तिच्या मागील भागांतून, करवतीनें पत्रा कापावा तसा कर्कश आवाज निघे. आम्हीं दोन मिनिटें ऐकलें, मुलाकडे पाहिलें, आणि "गाडी दगडधोंड्यांवरून बेफाम हांकली असणार," असा निकाल देऊन टाकला. मग गिअरबॉक्स उघडून त्यांत जाड ग्रीस भरलें. आवाज दबला, वडिलांनीं मुलाला चार शब्द ऐकविले आणि दोघे घरीं गेले. आठ दिवसांनीं गाडी परत आली तेव्हां आंतील मोठ्या चक्राचे दांत जवळजवळ झिजून गेले होते व ग्रीसमध्यें नायलॉनचा पांढरा भुगा मिसळला होता. मुलाकडे दोष मुळींच नव्हता. आवाज जें सांगत होता तें ऐकून न घेतां आम्हीं त्याचें तोंड मात्र बंद केलें होतें.

अशा गाड्या आतां पुष्कळ घरीं दिसतात, आणि त्यांच्या दुरुस्तीचा खर्च आईबापांच्या खिशांतून जातो. म्हणून ही तपासणी कशी करावी तें येथें सविस्तर देत आहों.

प्रथम आंतील रचना पाहूं. मोटरच्या दांड्यावर एक लहान दंतचक्र असतें, त्याला पिनियन म्हणतात. तें एका मोठ्या दंतचक्राला फिरवितें, आणि तेथून गति डिफरन्शियलमार्गें मागील दोन्ही चाकांस पोंचते. समजा, मोटर मिनिटाला २०,००० फेरे घेते व पिनियनला २० दांत आहेत. तर दांताला दांत भिडण्याची क्रिया सेकंदाला सुमारें ६,६६७ वेळां घडते. मोठ्या चक्राला ८० दांत असले तर तें सेकंदाला सुमारें ८३ फेरे घेईल. आतां फरक लक्षांत घ्या. सर्वच दांत परस्परांत नीट बसत नसतील तर किंकाळीसारखा उंच स्वर निघतो. मोठ्या चक्राचा एकच दांत तुटला असेल, किंवा दोन दांतांत खडा अडकला असेल, तर दर फेऱ्याला एकच ठोका पडतो. हातानें फिरवितांना टक् टक् असें ऐकूं येतें, आणि वेगांत त्याचीच घरघर होते.

तपासणी करतांना एका वेळीं एकच भाग फिरवावा, हें मुख्य. बॅटरी काढून ठेवावी, मोटरचे स्क्रू सैल करावे, आणि पिनियन मोठ्या चक्रापासून दूर सरकवावें. नंतर गाडी ठोकळ्यावर अशी ठेवावी कीं चाकें अधांतरीं राहतील. बॅटरी जोडून मोटरला अगदीं थोडा वेग द्यावा. भार नसतांना पूर्ण वेग देऊं नये. सदऱ्याच्या बाह्या, वेण्या व बोटें दूर असावींत. एवढ्यानेंही कर्कश आवाज आला तर दोष मोटरचाच. न आला तर बिचारी निर्दोष सुटली. (मोटर बदलण्याचा सल्ला दुकानदार सर्वांत आधीं देतात, कारण ती सर्वांत महाग !)

मग बॅटरी पुन्हां काढून मोठें दंतचक्र बोटांनीं सावकाश फिरवावें. येथें कानांपेक्षां बोटें अधिक शहाणीं असतात. वाळूवरून फिरल्यासारखी खरखर लागली तर बेअरिंगांत धूळ गेली आहे. दांडा वरखालीं हलत असेल तर बेअरिंग किंवा प्लास्टिकचें बुश झिजलें आहे. यानंतर मोठें चक्र धरून ठेवून एक चाक पुढें फिरवावें. दुसरें मागें फिरलें पाहिजे. तें अडखळलें तर डिफरन्शियल उघडावें. परंतु चालू गाडीचें एक चाक हातानें धरूं नये, कारण दुसरें दुप्पट वेगानें फिरूं लागतें व आंतील लहान चक्रांवर फाजील ताण येतो.

हें सर्व ठीक निघालें तर उरते ती दोन चक्रांची भेट. तीं फार घट्ट भिडलीं तर रडल्यासारखा आवाज निघतो आणि मोटर तापते. फार सैल असलीं तर खडखड होते, व एखाद्या धक्क्याला दांत सोलून निघतात. योग्य अंतर राखण्यासाठीं वहीच्या पातळ कागदाची पट्टी दोहोंमध्यें घालावी, पिनियन हलकेंच दाबून मोटरचे स्क्रू आवळावे, आणि चक्र फिरवून पट्टी बाहेर काढावी. पट्टीवर चुण्या पडाव्या, पण ती फाटूं नये. मोठें चक्र कित्येकदां अगदीं गोल नसतें, म्हणून त्याच्या परिघावर तीन चार ठिकाणीं हाच प्रयोग करावा. जपानच्या टामिया कंपनीनें १९८४ सालीं काढलेल्या ग्रासहॉपरसारख्या गाडींत मोटरची जागा ठरलेलीच असल्यामुळें हा प्रयोग करण्याचें कारण पडत नाहीं. तेथें योग्य पिनियन निवडणें एवढेंच आपल्या हातीं असतें.

आमच्या विद्यार्थ्याच्या गाडीचें अंतर मात्र कांहीं केल्या जुळेना. एका जागीं कागद फाटे, तर दुसऱ्या जागीं आपोआप गळून पडे. तेव्हां मुलानेंच भीत भीत सांगितलें कीं जुनें पिनियन हरवल्यामुळें त्यानें सांठवलेल्या पैशांतून नवें आणलें होतें. दांतांची संख्या तीच, भोंक तेंच, दिसण्यांत कांहींच फरक नाहीं. पण पाकिटावर बारीक अक्षरांत ४८ हा आंकडा छापलेला होता, आणि गाडीचें मोठें चक्र ०.६ मॉड्युलचें होतें.

या दोन मापांचा अर्थ वरच्या वर्गांतील मुलांनीं गणितानेंच काढावा. मॉड्युल म्हणजे चक्राचा मिलिमीटरमधील व्यास भागिले दांतांची संख्या; हा व्यास चक्रें जेथें परस्परांस भिडतात त्या वर्तुळाचा घ्यावयाचा. ४८ हें माप इंचांचें आहे: व्यासाच्या दर इंचास ४८ दांत. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्यास ४८ नें भागलें कीं ०.५२९ येतात. यांस π नें गुणिलें म्हणजे एका दांतापासून दुसऱ्या दांतापर्यंतचें अंतर मिळतें: ०.६ मॉड्युलला १.८८ मिलिमीटर, आणि ४८ ला १.६६. दर दांतामागें सुमारें पाव मिलिमीटरची तफावत ! डोळ्यांना ती दिसत नाहीं; परंतु मिनिटाला २०,००० फेऱ्यांत धातूचें पिनियन नायलॉनच्या चक्राला कानशीसारखें घांसत राहतें. उलट ३२ चें माप याच रीतीनें ०.७९४ येतें, म्हणून तें ०.८ मॉड्युलशीं बहुतेक निभावून जातें. ही जोडी चालते म्हणून ती जोडीही चालेल असें समजणारे फसतात.

ग्रीसविषयीं दोन शब्द. बंद गिअरबॉक्सांत प्लास्टिकला मानवणाऱ्या ग्रीसचा पातळ थर पुरे होतो. मोटरजवळील जोडी उघडी असेल तर तिला ग्रीस मुळींच लावूं नये. त्याला वाळू चिकटते, आणि दांत पॉलिश-कागदानें घांसावे तसे झिजतात.

०.६ चें पिनियन व नवें मोठें चक्र बसविल्यावर गाडींतून एकसारखा मंद गुणगुणाट तेवढा येऊं लागला. सरळ दांतांचीं प्लास्टिकचीं चक्रें अगदीं मुकीं कधींच होत नाहींत, हें मुलाच्या वडिलांना आम्हीं समजावून दिलें. आणि पहिल्या दिवशीं जें बोललों होतों तेंही त्यांच्या समक्ष परत घेतलें. नव्या चक्राचे पैसे आम्हीं दिले. मुलगा नको म्हणत होता. झिजलेलें चक्र मात्र त्यानें शाळेला दिलें असून तें प्रयोगशाळेच्या कपाटांत दुसऱ्या खणांत आहे. ज्यांना दांतांचें अंतर मोजून पाहावयाचें असेल त्यांनीं शनिवारीं प्रार्थनेनंतर यावें.