घरपट्टीच्या बिलातील एक ओळ
(द्वितीय वर्ष, कला)

कोपरखैरण्याला सिडकोच्या बैठ्या घरांपैकी एक आमचे. वडील तुर्भ्याच्या बाजारात माथाडी कामगार. घरात लिहिता-वाचता येणारी पहिली मीच, त्यामुळे विजेचे बिल, बँकेचे पुस्तक, घरपट्टी असे सर्व कागद तिसरी-चौथीपासूनच माझ्यापुढे येत. "बैस आन् सांग काय लिवलंय," असे वडील म्हणत. घरपट्टीच्या बिलात राज्य शासनाच्या शिक्षण कराची एक ओळ असते. ती वाचून दाखवली तेव्हा त्यांनी विचारले, "म्हंजी ह्यो तुझ्या शाळंचा पैसा व्हय?" मी ऐटीत "हो" म्हणाले. ते उत्तर चुकीचे होते, हे कळायला मला महाविद्यालयात यावे लागले.

त्या वर्षी आमच्या वर्गाचे छप्पर गळत होते. शाळेचे नाव सांगत नाही. पावसाळ्यात अशा खोल्या अनेकांनी पाहिल्या असतील. पाऊस वाढला की दोन वर्ग एका खोलीत बसत. एकीकडे भूगोल, दुसरीकडे पाढे. दुरुस्ती मंजूर व्हायची आहे, असे बाई सांगत. मंजूर कोण करतो, हा प्रश्न मात्र आम्हां मुलांना सुचला नाही, आणि आमच्या आईबापांनाही सुचला नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. बिलातील ती ओळ 1962 च्या महाराष्ट्र शिक्षण उपकर कायद्यान्वये आलेली आहे. महापालिका हा उपकर केवळ गोळा करते. रक्कम जाते राज्याच्या तिजोरीत. आपल्या गल्लीतील शाळेच्या पत्र्यांशी त्या ओळीचा थेट संबंध नाही. याउलट, प्राथमिक शाळा चालविणे आणि त्यांना योग्य जागा देणे हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 63 नुसार महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने तर सर्व ऋतूंत टिकेल अशी इमारत हा शाळेचा निकषच ठरविला. हे कर्तव्य पार पाडायचे ते महापालिकेने स्वतःच्या उत्पन्नातून, म्हणजे बिलाच्या वरच्या भागातील सर्वसाधारण करासारख्या रकमांतून. वडिलांनी बोट ठेवायला हवे होते ते त्या ओळीवर.

या कराचा दर ठरतो कसा? स्थायी समिती प्रस्ताव मांडते आणि कलम 99 प्रमाणे 20 फेब्रुवारीपर्यंत महासभा पुढील वर्षाचे दर ठरविते. नागरिकांचे थेट मतदान आपल्याकडे नाही. अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी शाळांच्या इमारतींसाठी कर्ज काढावे की नाही, आणि त्यासाठी घरांवरचा कर वाढवावा की नाही, यावर मतदारच कौल देतात. कॅलिफोर्नियात अशा कर्जाला दोनतृतीयांश मते लागत. 2000 साली ती अट 55 टक्क्यांवर आणली गेली. आपल्याकडे तो कौल नगरसेवक देतात. आणि तेही नसतील तर? नवी मुंबईत मे 2020 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, निवडणूक लांबत गेली आणि कित्येक वर्षे प्रशासकांनीच कारभार पाहिला. त्या काळात दर ठरविण्यासाठी हात वर करणारे सभागृहच नव्हते.

त्याआधी 2019 मध्ये याच महासभेने 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ करण्याचा ठराव केला होता. आमचे घर त्यात बसते. त्या दिवशी वडिलांनी पेढे आणले होते. ठरावाला शासनाची मान्यता लागते, हे तेव्हा आम्हांला ठाऊक नव्हते. मी पेढा खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी गळक्या वर्गात जाऊन बसले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे मनातही आले नाही.

आज तो संबंध मला अस्वस्थ करतो. पूर्वी महापालिकेजवळ उपकर होता, पुढे स्थानिक संस्था कर आला. 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि त्या जागी शासनाकडून अनुदान येऊ लागले. ज्याचा दर स्वतः ठरविता येईल असा मोठा कर म्हणजे मालमत्ता करच उरला. माफी मागणारे आम्ही लहान घरवाले, आणि महापालिकेच्या शाळांत मुले धाडणारेही बहुतांशी आम्हीच! कोणी म्हणेल, मग माफी नको म्हणा. तसे मी म्हणणार नाही. हमालीच्या पैशातून हजार-दोन हजार काढून ठेवणे म्हणजे काय, ते मी घरात पाहिले आहे. माझे म्हणणे इतकेच की माफीच्या ठरावातच तूट कोठून भरून काढणार आणि शाळांच्या दुरुस्तीला किती ठेवणार, हे आकड्यांत लिहिलेले असावे. आकडा नसलेल्या ठरावावर टाळ्या पडतात, पण दुरुस्तीचे काम पुढल्या वर्षावर जाते.

पैसा नाही म्हटले की कोणाचे तरी शिक्षण मागे राहते, हे महाराष्ट्राने पूर्वीही पाहिले आहे. शेतकऱ्यांकडून लोकल फंड घेतला जातो, पण त्यांच्या मुलांच्या शिक्षणावर तो पुरेसा खर्च होत नाही, अशी तक्रार जोतीराव फुले यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे मांडली. पुढे 1918 च्या कायद्याने नगरपालिकांना सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करण्याचा मार्ग मोकळा झाला. पुण्यात वाद पेटला तो मुलींवरून. पैसा अपुरा आहे, तेव्हा सक्ती आधी मुलग्यांना करावी, असा एक पक्ष होता. 1920 मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने बायका मोर्चा घेऊन रस्त्यावर आल्या. तरीही मुलींना थांबावेच लागले. ती सभा तेव्हा भरली नसती किंवा त्या बायका घरात बसल्या असत्या, तर मुलींना वगळले गेले हे लोकांना कळलेही नसते.

यंदाचे बिल आले तेव्हा वडिलांनी नेहमीप्रमाणे ते माझ्यापुढे ठेवले. या वेळी मी जुने उत्तर दुरुस्त केले. राज्याची ओळ वेगळी दाखविली, वरचे आकडे समजावून सांगितले. ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "ती सभा कवा असती म्हन्लीस?"