मालाचे नाव आणि बोलण्यातला शब्द



या पानावर आम्ही नेहमी बेणेप्रक्रिया, लागणीचे अंतर, खोडव्याची निगा, हुमणीचा बंदोबस्त असे विषय मांडतो. या वेळचा विषय उसाच्या सरीतला नाही, पण तो आमच्या गट ऑफिसात आपल्या पायांनी चालत आला, म्हणून लिहीत आहोत.

आपले एक सभासद आहेत. नोंदीचा सगळा ऊस ते कारखान्यालाच घालतात. घराजवळच्या दहा गुंठ्यांतला बिगरनोंदीचा ऊस तेवढा ठेवतात आणि त्याची काकवी करतात. त्यांच्या सौभाग्यवती महिला बचत गटात आहेत. गटातल्या बायका बाटल्या भरतात, लेबल लावतात आणि तालुक्याच्या दुकानांत माल देतात. लेबलावर मोठ्या अक्षरांत छापले होते, "अस्सल काकवी". दिवाळीच्या तोंडावर एका कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. "अस्सल" हे आमचे व्यापारी नाव आहे, पंधरा दिवसांत वापर बंद करा, नाहीतर नुकसानभरपाईचा दावा लावू, असा मजकूर.

आमच्याकडे येईपर्यंत त्यांनी उरलेली लेबले चुलवाणात घातली होती आणि दुकानांतल्या बाटल्या घरी परत आणल्या होत्या. म्हणाले, "साहेब, कोर्टाचं लचांड मागं नको. पण एक सांगा, अस्सल म्हणायचं नाही तर मग काय नकली म्हणायचं?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचे उत्तर आपण सर्वांनी समजून घेतले पाहिजे, कारण आज अनेक सभासदांच्या घरी काकवी, गूळ, मसाले, पापड यांवर लेबल लागू लागले आहे.

कायदा काय म्हणतो?

आपल्या देशात १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा आहे. तो १५ सप्टेंबर २००३ पासून लागू झाला. एकाचा माल दुसऱ्याच्या नावाने खपू नये आणि गिऱ्हाइकाची फसगत होऊ नये, हा त्याचा हेतू. हेतू चांगलाच आहे. पण मालाचा प्रकार, गुण, वजन, उपयोग किंवा गाव सांगणारा शब्द आणि व्यापारात सर्रास चालणारा शब्द एकट्याच्या नावावर सहसा नोंदला जात नाही, असे याच कायद्याचे कलम ९ सांगते. "नांगर" हे नाव आगपेटीला देता येईल, कारण आगपेटीचा आणि नांगराचा संबंध नाही. पण साखरेला "गोड" हे नाव देऊन बाकीच्यांनी गोड म्हणू नये, असे म्हणता यायचे नाही.

आपल्या भाषेत सांगायचे, तर पाणंदीच्या दोन्ही अंगांची शेते कुणाच्याही नावावर असोत, पाणंद कुणाच्या सातबाऱ्यावर चढत नाही.

मग भांडण होते कशावरून? त्याच कलमात एक सवलत आहे. साधा शब्दसुद्धा वर्षानुवर्षे एकाच मालासाठी वापरून लोकांच्या डोक्यात पक्का बसला, तर त्याला संरक्षण मिळू शकते. या सवलतीच्या आधाराने काही कंपन्या साध्या शब्दांवर हक्क सांगतात आणि दुसऱ्यावर दावे लावतात. असे दोन खटले सांगतो. दोन्हींत आपल्यासारखीच सहकारी संस्था होती, एकदा या बाजूला आणि एकदा त्या बाजूला.

पहिला खटला : "शुगर फ्री"

कॅडिला कंपनी १९८८ पासून साखरेऐवजी वापरायचा गोड पदार्थ "शुगर फ्री" या नावाने विकत होती. पुढे अमूलचा माल विकणाऱ्या गुजरात सहकारी दूध विपणन महासंघाने साखर न घातलेला आइस्क्रीमसारखा पदार्थ काढला आणि डब्यावर "शुगर फ्री" असे छापले. कॅडिलाने दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला.

न्यायालयाने २००८ साली दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी, की कॅडिलाच्या मालाला नाव मिळाले असले, तरी "शुगर फ्री" म्हणजे साखर नसलेला, हा त्या शब्दांचा साधा अर्थ आहे आणि त्या अर्थाने ते वापरायला अमूलला मज्जाव करता येत नाही. दुसरी अशी, की अमूलने हे शब्द आपल्या "अमूल" या नावापेक्षा ठळक आणि मोठे छापले होते, तसे छापू नयेत. मालाचे वर्णन म्हणून खुशाल लिहावे. २००९ साली खंडपीठानेही कॅडिलाचे अपील फेटाळले. म्हणजे शब्द मोकळा राहिला, पण तो कसा छापावा याला मर्यादा पडली.

दुसरा खटला : "नंदिनी"

कर्नाटक सहकारी दूध उत्पादक महासंघ १९८५ पासून "नंदिनी" नावाने दूध विकतो. बेंगळूरुमध्ये १९८९ पासून "नंदिनी डिलक्स" नावाची हॉटेले आहेत. हॉटेलवाल्याने खाद्यपदार्थांसाठी आपल्या नावाची नोंदणी मागितली आणि महासंघाने हरकत घेतली. अपील मंडळ आणि कर्नाटक उच्च न्यायालय यांनी महासंघाची बाजू धरली. पण २६ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. नंदिनी हे देवीचे आणि पुराणातल्या गाईचे नाव आहे, ते महासंघाने घडवलेले नाही. दोघांची चित्रे वेगळी, मालही वेगळा. फक्त दूध आणि दुधाचे पदार्थ यांच्यासाठी हॉटेलवाल्याला ते नाव नोंदता येणार नाही, एवढी अट न्यायालयाने घातली.

या दुसऱ्या निकालापासून आपणही शिकायचे आहे. संस्था सहकारी आहे, मोठी आहे, म्हणून वसिष्ठांच्या गोठ्यातली गाय आपल्या एकट्याच्या दावणीला बांधता येत नाही.

आपल्या सभासदांचे काय झाले?

आम्ही त्यांना तालुक्याच्या वकिलांकडे घेऊन गेलो. वकिलांनी नोटीस वाचली, मग कंपनीची बाटली आणि यांची बाटली शेजारी शेजारी ठेवली. म्हणाले, "अस्सल हा शब्द तुमचाही आहे. पण हे लेबल कुणी काढलं? रंग तोच, महिरप तीच, अक्षराचं वळणसुद्धा तेच!" छापखानेवाल्याने तयार नमुन्यावरून लेबल उतरवले होते आणि यांना ते ठाऊकही नव्हते. तेवढ्यापुरती कंपनीची तक्रार रास्त होती. वकिलांनी मुदतीत उत्तर पाठवले : शब्द वर्णनाचा आहे, तो सोडणार नाही; लेबलाची धाटणी मात्र बदलतो. त्यानंतर कंपनीचे पत्र आलेले नाही.

ध्यानात ठेवावे असे

१. नोटीस म्हणजे निकाल नव्हे. पाकीट, तारीख जपून ठेवा आणि मुदतीत वकिलामार्फत उत्तर द्या. लेबले जाळू नका. तोच आपला पुरावा असतो.

२. लेबलावर आपले नाव मोठे आणि गुणाचे शब्द (शुद्ध, ताजे, अस्सल) लहान असावेत.

३. दुसऱ्याचा रंग, चित्र, अक्षराचे वळण उचलू नका. छापखान्याचा तयार नमुना घेताना हे आधी विचारा.

४. नाव ठरवण्यापूर्वी व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोध घ्या. तो फुकट आहे. नोंदणीचा ऑनलाइन अर्ज करायला एकट्या व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला मालाच्या एका वर्गासाठी ४,५०० रुपये फी आहे. नोंदणी १० वर्षे चालते, पुढे नूतनीकरण करता येते.

५. पहिल्या विक्रीपासूनच्या पावत्या जपा. दुसऱ्याच्या आधीपासून आपण नाव वापरत असलो, तर कलम ३४ आपल्या बाजूने उभे राहते.

६. प्रामाणिकपणे स्वतःचे नाव वापरायला किंवा मालाचे वर्णन करायला कलम ३५ प्रमाणे आडकाठी नाही. कुणी बिनबुडाची धमकी देत असेल, तर कलम १४२ खाली आपणही जिल्हा न्यायालयात दाद मागू शकतो.

आपल्या सभासदांची काकवी पुन्हा दुकानांत गेली आहे. लेबलावर त्यांच्या मळ्याचे नाव ठळक आहे आणि खाली बारीक अक्षरांत लिहिले आहे, "अस्सल उसाची काकवी". दिवाळीचा धंदा मात्र गेला तो गेला. एक दिवस आधी आले असते, तर तोही वाचला असता.

म्हणून विनंती, की नोटीस आली तर त्याच दिवशी या, आणि लेबल छापायला टाकण्याआधी एकदा गट ऑफिसात दाखवून जा.

— ऊस विकास विभाग